थकीत वेतन, शासकीय सेवकांचे

शासकीय सेवकास बेकायदेशीर रीत्या बडतर्फ, सेवेतून दूर, पदावनत किंवा निलंबित केल्यास त्या काळातील वेतन व भत्ते त्याला मिळत नाहीत. पुढे तो आदेश रद्द झाला, म्हणजे या न मिळालेल्या रकमेवर त्याचा हक्क निर्माण होतो. या रकमेस थकीत वेतन किंवा मागील वेतन असे म्हणतात. नियत दिवशी न दिलेल्या साध्या पगाराच्या थकबाकीहून ते वेगळे आहे. कारण या कालखंडात सेवकाने प्रत्यक्ष काम केलेले नसते. मात्र काम न करण्याचे कारण त्याची अनिच्छा नसून शासनाचा सदोष आदेश हे असते. अशा प्रत्येक वादात दोन प्रश्न उपस्थित होतात : आदेश वैध होता काय, हा पहिला आणि तो अवैध असल्यास गेलेल्या वर्षांचे पैसे किती द्यावयाचे, हा दुसरा. भारतातील विधीच्या इतिहासात पहिल्या प्रश्नाचे उत्तर सेवकाच्या बाजूने बरेच लवकर दिले गेले. दुसऱ्याचे उत्तर उशिरा आणि अनेक मर्यादांसह मिळाले. त्यामुळे खटला जिंकलेल्या सेवकाच्या हाती प्रत्यक्षात थोडीच रक्कम पडल्याची उदाहरणे अनेक आहेत.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : इंग्रजी विधीनुसार राजसेवक हा राजाच्या मर्जीपर्यंतच सेवेत राहतो. त्याला केव्हाही काढून टाकता येते व त्याबद्दल न्यायालयात दाद मागता येत नाही, असे हे तत्त्व होते. भारत सरकार अधिनियम, १९१९ मधील कलम ९६-ब ने ते भारतातील मुलकी सेवांना लागू केले. तथापि नियुक्ती करणाऱ्या प्राधिकाऱ्याहून कनिष्ठ अधिकाऱ्याने बडतर्फ करू नये, असे संरक्षणही त्याच कलमाने दिले. प्रिव्ही कौन्सिलने १९३६ मध्ये दिलेल्या दोन निर्णयांत या दोन्ही बाजू स्पष्ट झाल्या. कनिष्ठ अधिकाऱ्याने केलेली बडतर्फी रंगाचारी प्रकरणात निरर्थक ठरली. व्यंकटराव प्रकरणात मात्र केवळ सेवानियमांचा भंग झाला म्हणून दावा लावता येणार नाही, असे ठरले. भारत सरकार अधिनियम, १९३५ च्या कलम २४० ने यात आणखी एक संरक्षण घातले. योजलेल्या कारवाईविरुद्ध कारण दाखविण्याची वाजवी संधी दिल्याखेरीज सेवकास बडतर्फ किंवा पदावनत करता येणार नाही, असा दंडक त्यामुळे निर्माण झाला.

वेतनाच्या मागणीबाबत मात्र इंग्रजी विचाराचा प्रभाव कायम राहिला. स्कॉटलंडमधील मल्व्हेना प्रकरणात (१९२६) असे मत मांडण्यात आले होते की, राजसेवकाचे वेतन हे राजाच्या कृपेवर अवलंबून असून त्यासाठी दावा चालू शकत नाही. भारतात या मताचा परिणाम लाल प्रकरणात दिसून आला. भारतीय सनदी सेवेतील आय. एम्. लाल यांना १९४० मध्ये सेवेतून काढून टाकण्यात आले होते. कारण दाखविण्याची संधी न दिल्यामुळे ती कारवाई निरर्थक होती व दावा दाखल झाला त्या दिवशी लाल हे सेवेतच होते, असे प्रिव्ही कौन्सिलने १९४८ मध्ये जाहीर केले. परंतु त्यांची थकीत वेतनाची मागणी मल्व्हेना प्रकरणाचा आधार घेऊन फेटाळण्यात आली. सेवक सेवेत होता, पण त्या सेवेचा पगार तो न्यायालयाकडून मागू शकत नव्हता, अशी ही विसंगत स्थिती होती.

हक्काची मान्यता : लाल प्रकरणाच्या आदल्याच वर्षी संघ न्यायालयाने ताराचंद प्रकरणात (१९४७) याच्या उलट निर्णय दिला होता. शासकीय सेवकास थकलेल्या पगारासाठी दावा करता येतो आणि अशा दाव्यास मुदत अधिनियम, १९०८ मधील अनुच्छेद १०२ ची तीन वर्षांची मुदत लागू होते, असे त्यात म्हटले होते. हा निर्णय लाल प्रकरणी प्रिव्ही कौन्सिलच्या नजरेस आला नाही. स्वातंत्र्यानंतर संविधानाच्या अनुच्छेद ३१० ने मर्जीचे तत्त्व राष्ट्रपती व राज्यपाल यांच्या संदर्भात कायम ठेवले व अनुच्छेद ३११ ने सेवकांची संरक्षणे अधिक दृढ केली. पगाराचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे बिहार राज्य वि. अब्दुल मजीद या प्रकरणात आला. मजीद हे पोलीस उपनिरीक्षक होते. त्यांना नियुक्ती करणाऱ्या अधिकाऱ्याहून कनिष्ठ अधिकाऱ्याने १९४० मध्ये बडतर्फ केले होते. पुढे त्यांना कामावर घेण्यात आले. परंतु मधल्या काळाचा पगार नाकारण्यात आला.

सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांनी १९५४ मध्ये या प्रकरणी दिलेला निर्णय या विषयातील पायाभूत निर्णय समजला जातो. त्यातील युक्तिवाद साधा पण परिणामकारक होता. दिवाणी व्यवहार संहितेच्या कलम ६० प्रमाणे शासकीय सेवकाच्या पगाराचा काही भाग त्याच्या धनकोला जप्त करून घेता येतो. सेवकाचा धनको जे शासनाकडून वसूल करू शकतो, ते स्वतः सेवकास मागता येणार नाही, हे म्हणणे टिकणारे नाही. म्हणून पगार हे दान नसून देणे आहे, मर्जीचे तत्त्व पगाराच्या दाव्याच्या आड येत नाही आणि इंग्रजी विधीतील तो नियम भारतात स्वीकारला गेलेला नाही, असे न्यायालयाने ठरविले. पुढच्याच वर्षी ओमप्रकाश गुप्ता प्रकरणात (१९५५) निलंबनाचा आदेश बडतर्फीत विलीन होतो, हे स्पष्ट झाले. म्हणजे बडतर्फी रद्द झाल्यावर जुने निलंबन पुन्हा जिवंत करून पूर्ण पगार टाळण्याची वाट बंद झाली.

मुदतीची मर्यादा : पगार हे देणे ठरले, तेव्हा देण्याला असणारी मुदतही त्याला लागू झाली. अब्दुल मजीद प्रकरणाने दिलेल्या हक्कावरील ही सर्वांत मोठी मर्यादा होय. अनुच्छेद १०२ नुसार वेतन ज्या दिवशी देय होते, त्या दिवसापासून तीन वर्षे मोजावयाची असतात. पगार महिन्याला देय होत असल्याने प्रत्येक महिन्याचा पगार हे स्वतंत्र देणे ठरते व दर महिन्यास मागील एकेक महिना मुदतबाह्य होत जातो. शासनाविरुद्ध दावा लावण्यापूर्वी दिवाणी व्यवहार संहितेच्या कलम ८० अन्वये दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. तो काळ मुदतीतून वगळला जात असल्याने प्रत्यक्षात तीन वर्षे दोन महिने, म्हणजे ३८ महिने, ही मर्यादा रूढ झाली.

या मर्यादेचे ठळक उदाहरण माधव लक्ष्मण वैकुंठे वि. म्हैसूर राज्य (१९६१) या प्रकरणात आढळते. वैकुंठे हे तत्कालीन मुंबई प्रांतात मामलेदार असून डेप्युटी कलेक्टरच्या पदावर स्थानापन्न म्हणून काम करीत होते. प्रवासभत्ता जादा आकारल्याच्या आरोपावरून त्यांना १९४८ मध्ये तीन वर्षांसाठी मूळ पदावर परत पाठविण्यात आले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर या वादात म्हैसूर राज्य प्रतिवादी झाले. स्थानापन्न पदावरून परत पाठविणे ही एरवी शिक्षा नव्हे; परंतु या आदेशाने ज्येष्ठता व बढतीची संधी हिरावली गेल्यामुळे ती शिक्षाच ठरते आणि वाजवी संधी न देता केलेली ही पदावनती निरर्थक होय, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. पगारातील फरकाच्या बाबतीत मात्र ताराचंद प्रकरणातील नियम लागू करून मागणी मुदतीच्या आतील रकमेपुरती मर्यादित करण्यात आली.

येथे मुदत अधिनियमातील एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. बडतर्फी निरर्थक असल्याचे जाहीर करून घेण्याच्या दाव्यास १९०८ च्या अधिनियमात सहा वर्षांची मुदत होती, तर वेतनाच्या दाव्यास तीन वर्षांची. समजा, एखाद्या सेवकास १ जानेवारी १९५० रोजी बडतर्फ करण्यात आले व त्याने नोटीस देऊन १ डिसेंबर १९५५ रोजी दोन्ही मागण्यांचा दावा लावला. त्याची बडतर्फी पहिल्या दिवसापासून निरर्थक ठरू शके. पण पगार फक्त १ ऑक्टोबर १९५२ पासूनचा मिळे. आधीची पावणेतीन वर्षे बुडत. त्याने प्रथम केवळ जाहीरनाम्याचा दावा लावला आणि तो जिंकून १ डिसेंबर १९६२ रोजी पगाराचा वेगळा दावा केला, तर तो १ ऑक्टोबर १९५९ च्या मागे जाऊ शकत नसे व पावणेदहा वर्षांचा पगार कायमचा जाई. हा हिशेब केवळ काल्पनिक नव्हता. जयचंद सोहनी प्रकरणात (१९६९) सर्वोच्च न्यायालयाने असाच विचार स्वीकारला. बडतर्फी निरर्थक म्हणजे सेवक सदैव सेवेतच होता. तो सेवेतच होता म्हणजे पगार महिन्याच्या महिन्याला देय होत गेला आणि म्हणून मुदतही महिन्याच्या महिन्याला सुरू होत गेली, असे हे तर्कशास्त्र होय. सेवकाला सेवेत ठेवणारे तत्त्वच त्याचा पगार बुडविण्यास कारण झाले.

या कठोरतेवर उपाय मैमूना खातून वि. उत्तर प्रदेश राज्य (१९८०) या प्रकरणी शोधण्यात आला. मूळ सेवकाच्या मृत्यूनंतर हा वाद त्याच्या वारसांनी चालविला होता. बडतर्फीचा आदेश न्यायालयाने रद्द करेपर्यंत सेवकास पगार मागताच येत नाही. कारण तोवर तो आदेश त्याच्या वाटेत उभा असतो. म्हणून ज्या दिवशी आदेश रद्द होतो, त्या दिवसापासून मुदत मोजावी, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. न्यायालयीन विलंबाचा भार सेवकावर पडू नये, हा त्यामागील हेतू होता. मुदत अधिनियम, १९६३ मध्ये वेतनाची तीन वर्षांची मुदत अनुच्छेद ७ खाली कायम राहिली व जाहीरनाम्याच्या दाव्याची मुदतही तीन वर्षांवर आली. आदेश निरर्थक असला, तरी त्याविरुद्ध मुदतीतच न्यायालयात आले पाहिजे, असे गुरुदेव सिंग प्रकरणात (१९९१) स्पष्ट करण्यात आले.

सेवानियमांतील मर्यादा : दुसरी मर्यादा प्रशासनाच्या स्वेच्छाधिकाराची होय. १ जानेवारी १९२२ पासून अंमलात आलेल्या मूलभूत नियमांपैकी नियम ५३ निलंबनकाळातील निर्वाह भत्त्याविषयी आणि नियम ५४ पुनःस्थापनेनंतरच्या वेतनाविषयी आहे. मूळ नियम ५४ प्रमाणे सेवक संपूर्णपणे निर्दोष ठरल्यास त्याला पूर्ण वेतन द्यावयाचे असे. अन्य बाबतींत सक्षम प्राधिकारी ठरवील तेवढा अंश. या दुसऱ्या भागामुळे, ज्या खात्याने चुकीचा आदेश काढला त्याच खात्याकडे भरपाईचे प्रमाण ठरविण्याचे काम राहिले. या अधिकारावर न्यायालयांनी दोन बंधने घातली. दिवाणी न्यायालयाने बडतर्फी अवैध ठरविल्यावर नियम ५४ चा आधार घेऊन प्रशासनाला पगार कमी करता येणार नाही, असे देवेंद्रप्रताप शर्मा प्रकरणात (१९६२) ठरले. गोपालकृष्ण नायडू वि. मध्य प्रदेश राज्य (१९६७) या प्रकरणात, पूर्ण वेतन नाकारण्यापूर्वी सेवकाचे म्हणणे ऐकून घेणे आवश्यक आहे, असा निर्णय देण्यात आला.

या निर्णयांच्या अनुषंगाने नियमांची फेररचना झाली. नियम ५४ खात्यांतर्गत अपील किंवा पुनर्विलोकनातून झालेल्या पुनःस्थापनेस, ५४-अ न्यायालयाच्या निर्णयातून झालेल्या पुनःस्थापनेस व ५४-ब निलंबनोत्तर पुनःस्थापनेस लागू आहे. आरोपांच्या गुणावगुणांवर निर्दोष ठरलेल्या सेवकाचा मधला काळ कर्तव्यकाळ समजला जातो व त्यास पूर्ण वेतन मिळते. मात्र आदेश केवळ अनुच्छेद ३११ मधील कार्यपद्धती न पाळल्यामुळे रद्द झाला असेल, तर पूर्ण नव्हे अशी, पण निर्वाह भत्त्याहून कमी नसलेली रक्कम, नोटीस देऊन ठरविता येते. महाराष्ट्रात हीच योजना १५ ऑगस्ट १९८१ पासून अंमलात आलेल्या महाराष्ट्र नागरी सेवा (पदग्रहण अवधी, स्वीयेतर सेवा आणि निलंबन, बडतर्फी व सेवेतून काढून टाकणे यांच्या काळातील प्रदाने) नियमांतील नियम ७०, ७१ व ७२ मध्ये आढळते.

अन्य अर्जन व काम न केल्याचा आक्षेप : मधल्या काळात सेवकाने दुसरीकडे नोकरी करून मिळविलेली रक्कम थकीत वेतनातून वजा केली जाते. ती मिळविली किंवा नाही हे कोणी सिद्ध करावयाचे, यावर मतभेद होते. केंद्रीय विद्यालय संघटनेच्या एका प्रकरणात (२००५) हा भार प्रथम सेवकावर टाकण्यात आला. महाराष्ट्रातील एका खाजगी शाळेतील शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १२ ऑगस्ट २०१३ रोजी दिलेल्या निर्णयात या नियमाला समतोल रूप दिले. आपण अन्यत्र नोकरीस नव्हतो किंवा कमी वेतनावर होतो एवढे सेवकाने कथन करावे. त्यानंतर उलट पुरावा देण्याची जबाबदारी मालकाची राहील. अवैध बडतर्फीनंतर पूर्ण मागील वेतन हा सर्वसाधारण नियम होय, मात्र सेवेचा कालावधी, गैरवर्तनाचे स्वरूप व मालकाची आर्थिक स्थिती यांचा विचार करता येईल, असेही त्यात म्हटले आहे. हा वाद शासकीय सेवेतील नसला, तरी त्यातील सूत्रे शासकीय सेवकांच्या प्रकरणांतही आधारभूत मानली जातात.

‘काम नाही तर वेतन नाही’ हा आक्षेप शासनाकडून वारंवार घेतला जातो. काम करण्यास तयार असलेल्या सेवकास शासनानेच दूर ठेवले असेल, तर हा नियम लागू होत नाही, असे जानकीरामन प्रकरणात (१९९१) ठरले. उलट उशिरा मिळालेल्या बढतीस मागील तारीख दिली, तरी वरच्या पदाचे काम प्रत्यक्ष न केल्यामुळे त्या काळातील वेतनफरक नाकारल्याची उदाहरणे आहेत, उदा., पालुरू रामकृष्णय्या प्रकरण (१९८९). फौजदारी शिक्षेमुळे सेवा गमावून पुढे अपिलात सुटलेल्या सेवकासही, त्या खटल्याशी शासनाचा संबंध नसल्यास, मागील वेतन मिळतेच असे नाही. चौकशी अहवालाची प्रत न दिल्यामुळे शिक्षा रद्द झाल्यास सेवकास परत घेऊन चौकशी पुढे चालवावी व मागील वेतनाचा निर्णय तिच्या अंतिम निष्कर्षानंतर करावा, असे करुणाकर प्रकरणात (१९९३) सांगण्यात आले.

औद्योगिक विवाद : शासनाच्या बांधकाम, पाटबंधारे, पाणीपुरवठा इ. खात्यांतील कामगारांचे वाद औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ खाली कामगार न्यायालयांपुढे येत असत. बंगलोर पाणीपुरवठा प्रकरणात (१९७८) ‘उद्योग’ या संज्ञेची व्याप्ती वाढली. शासनाची सार्वभौम कार्ये तेवढी तिच्याबाहेर राहिली. हिंदुस्थान टिन वर्क्स प्रकरणाने (१९७८) पूर्ण मागील वेतन हा नियम व कपात हा अपवाद मानला. पुनःस्थापनेचा निवाडा मालकाने वरच्या न्यायालयात नेल्यास तेवढ्या काळात कामगारास शेवटचे वेतन द्यावे, अशी तरतूद कलम १७-ब द्वारे १९८४ पासून करण्यात आली. पुढे न्यायालयांचा कल बदलला. विशेषतः उमादेवी प्रकरणानंतर (२००६) रोजंदारीवरील कामगारांना पुनःस्थापना व मागील वेतन यांऐवजी ठोक भरपाई देण्याची पद्धत वाढली. या अधिनियमाची जागा घेण्यासाठी औद्योगिक संबंध संहिता, २०२० संमत झाली.

न्यायाधिकरणे : १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने घातलेल्या अनुच्छेद ३२३-अ नुसार प्रशासकीय न्यायाधिकरण अधिनियम, १९८५ संमत झाला. त्या वर्षी केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण व जुलै १९९१ मध्ये महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण स्थापन झाले. महाराष्ट्राच्या न्यायाधिकरणाचे काम मुंबईखेरीज नागपूर व छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथेही चालते. या अधिनियमाच्या कलम २१ प्रमाणे अंतिम आदेशापासून एक वर्षात अर्ज करावा लागतो. पुरेशा कारणासाठी विलंब माफ होऊ शकतो. दिवाणी दाव्याच्या तुलनेत ही मुदत पुष्कळच कमी आहे. तथापि चुकीच्या वेतननिश्चितीमुळे दरमहा होणारे नुकसान हा सतत चालू राहणारा अन्याय होय. त्यासाठी केव्हाही अर्ज करता येतो, पण थकबाकी मुदतीच्या आतलीच मिळते, असे एका रेल्वे कर्मचाऱ्याच्या प्रकरणात (१९९५) ठरले. तरसेम सिंग प्रकरणात (२००८) लष्करी सेवेतून अपंगत्वामुळे निवृत्त झालेला एक सैनिक सुमारे सोळा वर्षांनी उच्च न्यायालयात आला होता. त्याचे निवृत्तिवेतन मान्य झाले. परंतु थकबाकी रिट अर्जापूर्वीच्या ३८ महिन्यांपुरतीच देण्यात आली. रिट अधिकारितेस मुदत अधिनियम थेट लागू नसतानाही दिवाणी दाव्यातील जुने माप येथे कायम राहिले.

मूल्यमापन : या मर्यादांच्या समर्थनार्थ काही कारणे दिली जातात. थकीत वेतन सार्वजनिक निधीतून दिले जाते, रिकाम्या पदावर नेमलेल्या दुसऱ्या व्यक्तीस शासनाने आधीच पगार दिलेला असतो आणि जुने अभिलेख कालांतराने मिळेनासे होतात. सेवक स्वस्थ बसला असेल, तर ही कारणे योग्य ठरतात. परंतु सेवकाने वेळीच दाद मागितली असून कालापव्यय खात्याच्या किंवा न्यायालयाच्या विलंबाने झाला असेल, तर त्याच मर्यादेमुळे चूक करणाऱ्याचा लाभ व निर्दोष ठरणाऱ्याची हानी होते. मैमूना खातून प्रकरणाने हा भेद ओळखला. नियम ५४-अ मधील गुणावगुणांवरील निर्दोषत्व व कार्यपद्धतीतील दोष यांचा भेद मात्र अजूनही सेवकाच्या विरुद्ध जाऊ शकतो. कारण खात्याने चौकशी नीट केली असती, तर सेवक दोषी ठरला असता की नाही, हे बहुधा कधीच कळत नाही. अब्दुल मजीद प्रकरणाने पगार हे दान नसून देणे आहे, हे तत्त्व प्रस्थापित केले. पुढील न्यायनिर्णय व नियम यांचा इतिहास हा त्या देण्यातील कोणता भाग सेवकाच्या हाती प्रत्यक्ष पडावा, हे ठरविण्याचा इतिहास होय.